माळ्यावरच्या जुन्या फ्रेमा: काम मागच्या बाजूनं सुरू होतं

जुनी फ्रेम हातात आली की पहिला मोह होतो तो रंगाचा डबा उघडण्याचा. त्याआधी ती उलटी करून बघा. चित्र खराब होतं ते बहुतेक वेळा मागून: भिंतीची ओल, गंजलेले खिळे, पिवळा पडलेला पुठ्ठा आणि त्या पुठ्ठ्यात सुखानं नांदणारी कसर. बेळगाव-खानापूर पट्ट्यात मिरगापासून दसऱ्यापर्यंत भिंती ओलसरच असतात. अथणी-रायबागकडे दुखणं उलटं. तिथं कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेमेचे कोपरे तोंड उघडतात.

तरीही या फ्रेमा टाकायच्या नाहीत. लाकूड बहुधा सागवान असतं, आणि आज बाजारात मिळणाऱ्या फायबर पट्टीच्या फ्रेमेला असलं आयुष्य नाही. के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार-शिक्षक लाभलेल्या बेळगावात घरोघरी जलरंगाचे कागद पेटीत गुंडाळून पडलेले असतात. माळ्यावरची चौकट आणि पेटीतला कागद, दोघांचंही काम होऊन जातं.

फ्रेम जुन्या चादरीवर पालथी ठेवा. काचेवर आधी चिकटपट्टीची फुली मारा, म्हणजे तडकली तरी तुकडे जागेवर राहतात. मागचा कागद ब्लेडनं कापून काढा आणि खिळे पकडीनं सरळ ओढा. हातोडीनं ठोकून सैल करायला गेलात की कोपरे हलतात आणि काम दुप्पट होतं. आतलं जुनं चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर ते सोलू नका, काचेसकट बाजूला ठेवा. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, आणि तिथली देवादिकांची चित्रं गावोगावच्या भिंतींवर पोचली होती. काय निघेल सांगता येत नाही.

आता लाकूड. बारीक भोकांतून फिकट, ताजा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे. वाळवीचं औषध इंजेक्शनच्या सुईनं भोकात सोडा, फ्रेम प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधा आणि २ आठवडे ठेवून द्या. भुसा जुना, काळपट आणि गळतही नसेल तर नुसतं साफ केलं तरी पुरे.

सोनेरी फ्रेमेला पाणी लावण्याआधी एक गोष्ट बघायचीच. नक्षीचा टवका उडालेल्या जागी आत पांढरं दिसतंय का? ते लाकूड नव्हे, तो खडूची भुकटी आणि सरस यांचा थर. ओलं फडकं फिरवलं की तो विरघळतो आणि नक्षी हातात येते. अशा फ्रेमेला फक्त कोरडा, मऊ ब्रश. उन्हातही ठेवू नका, थर तडकतो. उडालेल्या जागी नवी सोनेरी छटा द्यायची तर त्यात चिमूटभर तपकिरी रंग मिसळा. नाहीतर दुरुस्ती लग्नातल्या बँडच्या गणवेशासारखी चमकते.

साध्या पॉलिशच्या फ्रेमेवर मागच्या कडेला स्पिरिटचा बोळा १० सेकंद दाबून धरा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे सगळं खरवडायची गरज नाही. १०० ग्रॅम चपडा लाख ५०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा आणि सुती कापडातून गाळा. कापसाचा गोळा मऊ धोतराच्या तुकड्यात बांधून हलके हात द्या. ४-५ पातळ हात, दोन हातांमध्ये अर्धा तास. एकाच जागी परत परत घासलं तर खालचा थर उचलला जातो. हे काम पावसाळ्यात काढू नका. हवेतली ओल लाखेत अडकून पांढुरका ढग उमटतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला उत्तम. आणि जवळपास शेगडी, निरांजन काही नको, स्पिरिट झटकन पेट घेतं.

कोपरे उघडे पडले असतील तर त्यात नुसता फेविकॉल कोंबणं हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा. जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन सरस काढा (सोनेरी थर असेल तर पाणी फक्त सांध्यापुरतं), दिवसभर वाळवा आणि मग फेविकॉल लावा. चारही बाजूंनी सुतळी गुंडाळून पेन्सिलीनं पीळ द्या. पीळ दिल्या दिल्या दोन्ही कर्ण मोजा. १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे, आत्ताच सरळ करा. २४ तासांनी कळलं तर काच बसणार नाही. फटीत भुसा-फेविकॉल भरतात, पण तिथं पॉलिशचा रंग चढत नाही आणि डाग कायमचा राहतो. पॉलिश आधी करून फट रंगीत मेणानं भरलेली बरी.

मापाचं गणित एका उदाहरणानं. फ्रेमेची आतली खाच १२ बाय १६ इंच, म्हणजे ३०५ बाय ४०६ मिमी. काच ३०३ बाय ४०४ कापून घ्या. पावसात लाकूड फुगतं, तंतोतंत बसवलेली काच तेव्हा तडकते. चित्र ए-४ असेल, २१० बाय २९७, तर माउंटची (काच आणि चित्र यांच्यामधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) खिडकी २०० बाय २८७, म्हणजे सगळीकडून ५ मिमी चित्र झाकलं जातं. डाव्या-उजव्या बाजूला साधारण ५१ मिमी उरतात, वर ५४ आणि खाली ६३. खालची पट्टी मुद्दाम जास्त, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. खाचेची खोलीही मोजा: काच २, माउंट २, मागची पाठ ३, असे किमान ७ मिमी हवेत. कमी भरली तर मागून ६ मिमीच्या लाकडी पट्ट्या जोडा.

माउंट शोभेसाठी नसतो. तो चित्राला काचेपासून लांब ठेवतो. काचेवर ओल धरली की जलरंग तिला चिकटतो. माउंट ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, मागा. साध्या पुठ्ठ्यानं काही वर्षांत चित्राच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. चारकोल किंवा पेस्टल असेल तर ॲक्रिलिक शीट नको, तिच्यावरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते.

चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला दोन जागी लटकवायचं. पातळ, चिवट कागदाच्या पट्ट्या आणि मैद्याची पातळ खळ. सेलोटेप पिवळी पडते, डाग सोडते. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात कागद फुगतो आणि मधोमध लाटा येतात. वह्या बांधणारे खळीत मोरचूद घालतात, चित्राच्या खळीत मात्र तो घालू नका. कसर जाईल, पण कागदाला अपाय.

पाठ हार्डबोर्डची असेल तर मध्ये एक ॲसिड-फ्री कागद. मागून तपकिरी कागद किंचित ओला करून कडेला फेविकॉलनं चिकटवा, वाळला की ढोलाच्या कातड्यासारखा ताणून बसतो.

टांगण्याबद्दल थोडक्यात. १२ बाय १६ च्या २ मिमी काचेचंच वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, त्यात सागवानाची चौकट. जांभ्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीत नुसता खिळा ठोकला की गिलाव्याची खपली निघते. ड्रिलनं ६ मिमीचं भोक, त्यात प्लग आणि स्क्रू. हुक फ्रेमेच्या वरून एक तृतीयांशावर. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे ५-६ मिमी जाड तुकडे, मागून वारा खेळला पाहिजे. जुन्या वाड्यांत फ्रेमा वरून पुढं झुकवलेल्या असत, त्याचा एक फायदा हाच.

श्रावणात एकदा फ्रेम उतरवून मागच्या कागदावर तळवा ठेवा. गार आणि सैल लागला तर त्या भिंतीवर पावसाळाभर ती परत लावू नका.