सासूबाईंचं प्लॅस्टर आणि भुट्ट्याचा कीस

जुलैत सासूबाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या आणि ओल्या फरशीवरून घसरल्या. उजवं मनगट, सहा आठवडे प्लॅस्टर. इंदूरच्या या घरात नऊ वर्षं माझ्याकडे पोळ्या आणि कुकर एवढंच खातं. मी नाशिकची. मक्याचं कणीस भाजून खायचं, एवढंच मला ठाऊक.

पहिल्याच रविवारी लेकानं भुट्ट्याचा कीस मागितला, म्हणजे मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेला इंदुरी पदार्थ. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. "आई, दूध किती?" "लागेल तेवढं." मोबाइलवरच्या रेसिपीत 1 कप होतं, म्हणून मी 4 भुट्टे किसून, जरासे परतून, 1 कप दूध ओतलं. वर गॅस चालू असतानाच लिंबू पिळलं. दूध फाटलं आणि कढईत खळ तयार झाली. नवऱ्यानं निमूटपणे शेव पसरून खाल्लं. (इंदुरात शेवेखाली काहीही लपतं.)

पुढच्या रविवारी सासूबाईंनी मला आधी कच्चा कीस हुंगायला लावला. हिरवट, दुधाळ वास. मग तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि कीस. मंद आचेवर परतताना दर थोड्या वेळानं, "आता हुंग." पहिल्यांदा तोच वास. दुसऱ्यांदाही जवळपास तोच, हात मात्र भरून आला. तिसऱ्यांदा भाजल्यासारखा खमंग वास आला, कीस मोकळा झाला आणि कडेनं तूप दिसायला लागलं. "आता दूध. सगळं नको, थोडं थोडं." दूध आटलं, मीठ-साखर पडली आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. त्या दिवशी शेवेचा डबा कुणी उघडला नाही.

मग कढी, भरली वांगी वगैरे जमत गेलं. बाफल्यांनी, म्हणजे आधी उकळून मग भाजायच्या कणकेच्या गोळ्यांनी, मात्र रडवलं. हळदीच्या पाण्यात उकळून वर तरंगले की झालं असं समजून मी ते ओलेच ओव्हनमध्ये सारले. वरून लाल, आतून चिकट. फडक्यावर पसरून नीट कोरडे होऊ द्यायचे असतात, हे सासूबाईंनी मला सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते ते "कुणालाही कळतं".

प्लॅस्टर निघायच्या आठवड्यात बाजारात देशी भुट्टा नव्हता, स्वीट कॉर्न आणावं लागलं. किसल्यावर पाणीच पाणी, आणि गोडही. मी साखर वगळली, दूध अर्ध्यावर आणलं, मिरची एक जास्त घातली. सासूबाई देवळात गेल्या होत्या, विचारायला कुणी नव्हतं. आल्यावर त्यांनी डाव्या हातानं दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "मिरची जरा जास्त झालीये."

आता थंडीत गराडू, म्हणजे इकडचा एक कंद, तळायचेत. सोलताना हाताला खाज सुटते म्हणतात, तेल लावूनच बसेन.