तुरा कापलेली अथीना

अथेन्सला सगळे ॲक्रोपोलिस बघायला जातात, मी पण गेलो, उन्हात भाजून आलो, पण खरं सांगू का माझं लक्ष दुसऱ्या दिवसावर होतं. सिंटाग्मा मेट्रोला उतरून जरा चाललं की नाण्यांचं म्युझियम लागतं, आणि ते कुठे तर ट्रॉय खणून काढणाऱ्या श्लीमानच्या बंगल्यात! जमिनीवर मोझेक, छतावर चित्रं, नाणी राहिली बाजूला असं होतं.

तर मुद्दा असा की घरी माझ्याकडे पण एक 'अथेन्सचं घुबड' होतं, ऑनलाइन घेतलेलं. चांदीचं टेट्राड्राख्मा म्हणजे चार ड्राख्मांचं (ड्राख्मा हे जुनं ग्रीक चलन) नाणं, एकीकडे शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसरीकडे तिचं घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. तुऱ्यापासून हनुवटीपर्यंत सगळं कसं मधोमध. आई फक्त एवढंच म्हणाली, "घुबड कशाला आणलंस रे घरात?"

आणि इथे काचेमागे बघतो तर काय, कोणाचा तुरा गायब, कोणाचं नाक पार काठाला टेकलेलं, एका घुबडाच्या तर पाठीत छिन्नीचा घाव. चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा, लॉरिऑनच्या खाणीतून चांदी येतेय ढिगाने, मग नेम चुकला तर चुकला, वजन बरोबर असलं की झालं, साधारण 17.2 ग्रॅम. घाव घालायचे ते इजिप्त वगैरे बाजूचे लोक, आत तांबं भरलंय का बघायला. एवढी देखणी देवी पण व्यवहारात विश्वास शून्य! मला ती घाववालीच सगळ्यात आवडली, तिच्यासमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

पण पोटात गोळा आला होताच, आपलीच अथीना एवढी नीटनेटकी कशी?

नंतर कॉफीच्या सुट्ट्या पैशांत एक युरोचं नाणं आलं, त्यावर तेच घुबड, ते तेवढं आणलं. खरी जुनी नाणी ग्रीसबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते, त्या भानगडीत पडलो नाही.

घरी आल्या आल्या सोनाराकडे गेलो. काट्यावर 14 ग्रॅम आणि थोडं वर. भिंगातून काठ बघितला तर गोल फिरलेली बारीक रेघ, साच्यात ओतलेल्या वस्तूला जोडावर असते तशी.

आईला सांगितलं घुबड खोटं निघालं.

"बरं झालं," म्हणाली, "मग ठेव शोकेसमध्ये."