एक अंग सरळ झालं की

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात नारळी, पोफळी, आंबे, फणस असे एकावर एक आडवे झाले की कुठलं झाड कुणाचं हे गडगे (हद्दीची दगडी कुंपणं) बघून ठरवावं लागत होतं. पुढे कितीतरी महिने लाकूड मातीमोल भावाने जात राहिलं. आंबा पेट्यांसाठी गेला, बाकीचं बरंचसं चुलीत आणि भट्टीत. आंब्याचं एकवेळ समजू शकते, पण फणस जळणाच्या टेम्पोत चढताना बघवत नव्हता. आमच्या परसातला पडला तो मी ठेवून घेतला. सॉ मिलमधून त्याच्या दीड-दोन इंची फळ्या आणि काही जाड ठोकळे काढून आणले. आता त्याचे पाट, चौरंग, विळ्यांचे पाट होतात, आणि ते बघायला येणारे बहुतेक जण एकच विचारतात: रंधा मशीन नाही, मग हे एवढं चौरस करता कसं?

माझ्याकडे दहा इंची पात्याची टेबल सॉ (टेबलातून पातं वर येणारी करवत) आहे, एक हातात धरायची चक्री करवत, दोन साध्या हातकरवती आणि एक लोखंडी रंधा. एवढ्यात होतं. गावोगावी पडव्यांमध्ये, मांगरात असं लाकूड वर्षानुवर्षं टेकवून ठेवलेलं मी बघते, आणि 'मशीन नाही' म्हणून ते पडून राहावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी फणसाबद्दल, कारण तो माझा जीव की प्राण. ताजा कापला की हळदीसारखा पिवळा दिसतो आणि वर्षं जातील तसा तांबूस तपकिरी होत जातो. त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र किडा खातो, तो ठेवायचाच नाही. दक्षिणेत मृदंगाचं खोड आणि वीणा फणसाच्याच करतात. असलं लाकूड भाकऱ्या भाजण्यात घालवायचं!

वाळवण्याचा ठोकताळा म्हणजे इंचाला एक वर्ष. कोकणात त्यातले पावसाचे चार महिने धरायचे नाहीत. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकूड साधारण १८ टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं, कितीही जुनं असू दे. म्हणून फळ्या पडवीत जमिनीपासून वर, मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या. पट्ट्या एकाखाली एक, ओळंब्यात आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्यांना तिथेच बाक बसतो. टोकांना जाड ऑइलपेंट लावायचा, म्हणजे ती आधी सुकून तडकत नाहीत.

करवतीला हात लावण्याआधी तारेच्या ब्रशने फळी घासून घ्यायची. आमच्याकडची झाडं गडग्याला लागून असतात. सालीच्या भेगांत तांबडी माती आणि जांभ्याचे कण बसलेले असतात आणि ते पात्याचे दात एका कापात बोथट करतात. शिवाय कपड्यांच्या दोरीचे खिळे, कुंपणाच्या तारा. खोड वाढत जातं तसं ते आत गिळतं. लोहचुंबक फिरवून बघायचा आणि लाकडात काळा डाग दिसला की थांबायचं. लोखंड गंजून तो डाग उतरलेला असतो.

आता मूळ मुद्दा. टेबल सॉवर लाकडाची जी बाजू फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर असलेल्या आधारपट्टीला, टेकते, तिचीच नक्कल समोरच्या बाजूला उतरते. टेकलेली बाजू वाकडी तर कापही वाकडाच येणार, पातं कितीही महागाचं असो. नवीन माणूस खडबडीत फळी सरळ फेन्सला लावून ढकलतो आणि करवतीला दोष देतो. आणि हे नुसतं कामाच्या दर्जाचं प्रकरण नाही. डुलणारी फळी पात्यावर अडकली की मशीन ती उलट अंगावर फेकतं. आमच्या वाडीतल्या मेस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वैनी, आधी एक अंग सरळ करा. बाकीची तीन त्याच्यावरनं घ्या." ते आयुष्यभर वाकस आणि रंध्यावर काम केलेले. त्यांचं हे वाक्य मशीनलाही जसंच्या तसं लागू आहे.

लांब फळी आहे तशी सरळ करत बसायचं नाही. चौरंगाचे पाय अठरा इंचांचे हवेत तर आधी वीस-वीस इंचांचे तुकडे हातकरवतीने पाडून घ्यायचे. आठ फुटांच्या फळीला इंचभर बाक असेल तर अठरा-वीस इंचांच्या तुकड्यात तो सूतभरही उरत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडे सुतारकामात अजून तेच माप चालतं. तुकडे पाडताना गाठी आणि तडे टोकांना येतील असे बघायचे, म्हणजे तेच फेकायच्या भागात जातात.

पहिली बाजू मी रंध्याने करते. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, पण संपूर्ण बाजू गुळगुळीत करायचीच नसते. फळी सपाट टेबलावर ठेवून डुलली नाही की काम झालं. पन्हळीसारखी आत गेलेली बाजू खाली घ्यायची, कारण ती दोन कडांवर आपोआप टेकते. मग राहतो तो पीळ. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी एकसारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या लागतात. माझी एक शिसवीची काळी आहे आणि एक फणसाची पिवळी. काळी फळीच्या अलीकडच्या टोकावर आडवी, पिवळी पलीकडच्या टोकावर. खाली वाकून एक डोळा मिटून बघायचं. काळ्या पट्टीच्या वरून पिवळीची कड हळूहळू दिसायला लागते. दोन्हीकडे एकाच वेळी दिसली तर पीळ नाही. डावीकडे आधी दिसली तर पलीकडचा डावा कोपरा उंच आहे. तोच कोपरा आणि त्याच्या तिरक्या समोरचा अलीकडचा उजवा, एवढ्या दोनच जागी रंधा मारायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा मारायचा. फणसाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, एका बाजूने रंधा मारला की गुळगुळीत जातो आणि वीतभर पुढे उपटतो. म्हणून रंध्याचं पातं अगदी कमी बाहेर ठेवायचं आणि तिरकं चालवायचं. बाजू टेकायला लागली की तिच्यावर शिसपेन्सिलीने खूण करायची. यापुढे सगळी मापं हिच्यावरून.

दुसरी बाजू म्हणजे कड. इथे करवत कामाला येते. बारा मिलिमीटर प्लायवूडची एक लांब पट्टी घ्यायची, जिची एक कड कारखान्यातून आलेली सरळ आहे. तुकडा तिच्यावर खूण केलेली बाजू खाली करून ठेवायचा, त्याची खडबडीत कड प्लायच्या बाहेर अर्धा-पाऊण इंच येईल असा. दोन्ही टोकांच्या फेकायच्या भागात एकेक स्क्रू मारायचा. आता फेन्सला प्लायची सरळ कड टेकते आणि पात्याखाली लाकडाची वाकडी कड येते. एका चालीत सरळ कड मिळते. खालची बाजू आधीच सपाट असल्यामुळे ती कड काटकोनातही असते. स्क्रू पात्याच्या वाटेत नाहीत ना, हे मशीन बंद असताना सरकवून बघायचं.

तिसरी बाजू सोपी. स्क्रू काढायचे, नवी सरळ कड फेन्सला आणि खुणेची बाजू खाली, हव्या त्या रुंदीला चीर मारायची. चौथ्या बाजूसाठी तुकडा कडेवर उभा करायचा, खुणेची बाजू फेन्सला लावायची आणि उरलेला खडबडीत पापुद्रा पात्याच्या मोकळ्या बाजूला पडू द्यायचा. पापुद्रा कधीही फेन्स आणि पातं यांच्या मध्ये अडकता कामा नये.

दहा इंची पातं जास्तीत जास्त तीन इंचांच्या आसपास वर येतं. त्याहून उंच ठोकळा दोन बाजूंनी कापायचा: एक काप झाला की ठोकळा असा उलटायचा की वरची कड खाली येईल, पण फेन्सला लागलेली बाजू तीच राहील. बाजू बदलली की दोन काप एकमेकांना भेटत नाहीत. मी मध्ये दोनेक सूत लाकूड मुद्दाम शिल्लक ठेवते आणि ते हातकरवतीने सोडवते. पूर्ण कापलं तर शेवटच्या क्षणी सुटलेला जड तुकडा पात्यावर कलंडू शकतो. मधली बारीक उंच रेघ रंध्याच्या दोन हातांत जाते.

पातं उभ्या कापाचं, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरणारं हवं, चोवीस दातांचं. दुकानदार साठ दातांचं 'फिनिशिंगला भारी' म्हणून देतात. ते प्लायला ठीक, पण जाड फणसात भुसा बाहेर पडायला जागाच राहत नाही, पातं तापतं आणि लाकूड काळं जळतं. फणसाचा चीक दातांवर पिवळा राप धरतो. पातं काढून रॉकेलच्या फडक्याने पुसलं की निघतो. पात्याच्या मागे उभी राहणारी पट्टी, जिला रिव्हिंग नाइफ म्हणतात, ती काढून ठेवू नका. कापलेली चीर मागे मिटायला लागते तेव्हा तीच पट्टी लाकडाला पातं पकडू देत नाही. ओढणी, पदर, मोकळे केस, हातमोजे यातलं काहीही मशीनजवळ नको. हातमोजे तर अजिबात नकोत, पातं मोज्यासकट हात ओढतं. तोंडाला मास्क, कारण फणसाचा बारीक भुसा घशात बसतो. आणि संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरत तापते, म्हणून जाड काप सकाळीच.

पातं टेबलाशी काटकोनात आहे का, हे गुण्या लावून कळतं, पण मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते. अडीच इंच रुंदीची टाकाऊ पट्टी कडेवर उभी करून मधून आडवी कापायची. एक तुकडा जागेवर ठेवायचा, दुसरा उलटा करून त्याची वरची कड खाली आणायची आणि कापलेली तोंडं पुन्हा जुळवायची. दोन्ही तुकडे टेबलावर टेकवून उजेडाकडे बघा. फट दिसली तर पात्याच्या चुकीच्या दुप्पट दिसते, त्यामुळे केसभर कलही लपत नाही. गुण्याची परीक्षाही अशीच. सरळ कडेवर गुण्या ठेवून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी मारायची. रेघा फाकल्या तर गुण्याच वाकडा. नवा घेतलेला गुण्या दुकानातच असा तपासावा.

चीर मारल्यावर कधी कधी समोरच फळीची दोन अंगं धनुष्यासारखी फाकतात. लाकूड वाढताना आत जो ताण भरलेला असतो तो सुटतो. उतारावर कलत वाढलेल्या झाडात हे जास्त, आणि आमच्याकडे उतारावर नसलेलं झाड शोधावं लागेल. त्याला उपाय एकच, घाई न करणं. पहिल्या फेरीत प्रत्येक बाजूला दोन सूत जास्त ठेवून चौरस करायचं, पट्ट्या घालून रचून ठेवायचं आणि ते वळायचं तेवढं वळून झालं की पुन्हा त्याच क्रमाने शेवटचे काप घ्यायचे. दुसऱ्या फेरीत पहिली बाजू रंध्याच्या चार-सहा हातांत होते.

आणि चौरस केलेलं लाकूड चौरस राहील का, हे त्याच्या टोकाकडे बघून सांगता येतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि वर्तुळांच्या दिशेने, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. टोकावर वर्तुळांच्या रेषा एखाद्या बाजूला समांतर असतील तर ओल धरली तरी तुकडा थोडा लांबट होईल, पण कोन काटकोनच राहतील. त्याच रेषा एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरक्या जात असतील तर मे महिन्यात नेमका चौरस असलेला पाय श्रावणात शंकरपाळ्यासारखा कलतो. फणसात ही वर्तुळं पुसट असतात. टोक रंध्याने साफ करून ओल्या फडक्याने पुसलं की उठून दिसतात. देव्हाऱ्याचे खांब, ज्यांच्यावर पट्ट्या काटकोनात बसवायच्या असतात, ते मी समांतर रेषांचेच निवडते. चौरंगाच्या पायाला तिरक्या रेषा चालतात, उलट त्याच्या चारही बाजू एकसारख्या दिसतात.

म्हणून माझी पहिली फेरी जूनच्या आत संपते. तुकडे पडवीच्या आतल्या भिंतीला, झड लागत नाही तिथे रचून ठेवते, प्रत्येकावर खुणेची बाजू आणि जाडी पेन्सिलीने लिहून. शेवटचे काप दसरा उलटल्यावर.