आईची वाटी किती ग्रॅमची?

जर्मनीत श्टुटगार्टला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी दिवाळीत बेसनाचा लाडू खाल्ला आणि लगेच कागद-पेन घेऊन बसल्या. "बेसन किती ग्रॅम?" मी म्हटलं, दोन वाट्या. त्या पेन तसंच धरून बघत राहिल्या. इथे घरोघरी ओट्यावर काटा असतो. मैदा, साखर, लोणी सगळं ग्रॅममध्ये, वाटी हे माप कोणाला ठाऊकच नाही.

मी अंदाजाने वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम धरली. आईचं प्रमाण दोन वाट्या बेसन, पाऊण वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. मी घेतलं 300, 112 आणि 150 ग्रॅम. एक लाडू वळेना. मुठीत दाबला की हात उघडताच भुगा. एवढं बेसन मंद आचेवर भाजलेलं, फार वाईट वाटलं.

चूक कळली ती त्याच आजींच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या मापाच्या भांड्यावर साखरेच्या आणि मैद्याच्या रेघा वेगळ्या आहेत. 500 ग्रॅमची मैद्याची रेघ साखरेच्या रेघेच्या बरीच वर. म्हणजे वाटी ही जागा सांगते, वजन नाही. पीठ पोकळ बसतं, तूप वाटीत फट ठेवत नाही. मी दोघांना एकच आकडा लावला होता, म्हणून तूप कमी पडलं.

मग सुट्टीत ठाण्याला आले तेव्हा काटा बॅगेत घालूनच आणला. जांभळी नाक्यावरून हरभरा डाळ घेतली, नौपाड्यातल्या गिरणीतून लाडवासाठी जाडसर दळून आणली आणि आईला म्हटलं, तू नेहमीसारखं घे, मी फक्त काटा बघते.

तिची वाटी म्हणजे लग्नातली, बुडाला नाव घातलेली. आधी ती पाण्याने काठोकाठ भरून तोलली. 160 ग्रॅम पाणी, म्हणजे वाटी 160 मिलिलिटरची. पाण्याचा ग्रॅम आणि मिलिलिटर एकच, त्यामुळे कुठलीही वाटी अशी मोजता येते. अमेरिकेतला कप साधारण 237 मिलिलिटरचा आणि राइस कुकरसोबत येतो तो 180 चा, म्हणून "वाटी म्हणजे कप" असं धरून चालू नका.

पण खरी गंमत पुढे होती. आई बेसन सपाट घेतच नाही, शीग लावून घेते. तिच्या हाताची वाटी 100 ग्रॅम भरली. मी तीच वाटी चाळलेल्या बेसनाने भरून सुरीने सपाट केली तर 80. एकाच वाटीत वीस ग्रॅमचा फरक! पाऊण वाटी पातळ तूप 108. पिठीसाखर शिगेसकट 100, आणि साधी साखर त्याच वाटीत सपाट 136. पिठीसाखरेऐवजी दाणेदार साखर वाटीने घातली तर लाडू का गोडमिट्ट होतात, ते इथे दिसलं.

म्हणून सांगते, इंटरनेटवरचे तक्ते बाजूला ठेवा. काट्यावर परात ठेवा, शून्यावर आणा आणि आईला तिच्या हाताने घालू द्या. दर वाटीला आकडा लिहा. माझ्या आजीकडे दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होती. ती मापं घरात उरली नाहीत आणि त्या मापांतलं आजीचं अनारशाचं प्रमाण आज कोणाला सांगता येत नाही. मला त्याची हळहळ वाटते.

शेजारच्या आजींना कागद दिला: बेसन 200, तूप 108, पिठीसाखर 100. त्यांचे लाडू छान वळले.

आता भाजणी उरली आहे. धान्य भाजलं की ओल जाऊन हलकं होतं, तेव्हा वजन भाजण्याआधी घ्यायचं. आईचा दिवाळीआधीचा भाजणीचा दिवस मी आत्ताच विचारून ठेवला आहे.