थ्रेडला नाव हवंच कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या कंपनीच्या स्वतःच्या डीबगरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आतून तपासायच्या साधनात, थ्रेडची (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची) नावं दाखवायचं काम मी अंगावर घेतलं तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. ऑफिसात नवीन लागलेली मुलं विचारतात, मॅनेजर विचारतात, परवा अंधेरीहून येताना लोकलमध्ये जुन्या कंपनीतली मैत्रीण भेटली तिनेही तेच, की अगं थ्रेडला नंबर असतोच ना, बॅकट्रेस (कोणतं फंक्शन कोणी बोलावलं त्याची यादी) काढला की कळतं कोण कुठे अडकलंय, मग नावासाठी एवढा आटापिटा कशाला करतेस?

बॅकट्रेसमधून कळतं हे अर्धंच खरं आहे. एखादा सर्व्हर हँग झाला आणि तुम्ही डीबगर अटॅच केलात की पन्नास-साठ थ्रेडची यादी समोर येते, आणि त्यातले बहुतेक कुठल्या तरी लॉकवर (एका वेळी एकालाच पुढे सोडणाऱ्या कुलपावर) नाहीतर कंडिशन व्हेरिएबलवर (काही घडेपर्यंत थांबायच्या सोयीवर) थांबलेले असतात, लिनक्सवर दोन्हीकडे शेवटी फ्युटेक्स ही लिनक्सची थांबायची सोयच, म्हणजे वरच्या फ्रेम्स (बॅकट्रेसमधल्या ओळी) सगळ्यांच्या सारख्या. बरं, तळाला जाऊन बघावं तर सगळे एकाच थ्रेड पूलच्या (येतील ती कामं उचलणाऱ्या थ्रेडच्या गटाच्या) रन फंक्शनमधून निघालेले, आणि रिलीज बिल्ड (ग्राहकाला द्यायचा, वेगासाठी आवळलेला प्रोग्राम) असेल तर मधली व्हेरिएबल्स ऑप्टिमाइझ्ड आउट, म्हणजे बघायलाच मिळत नाहीत. दादरला इंडिकेटर बंद पडला की समोर लोकल उभी दिसते पण कर्जत की कसारा ते कळत नाही, तसं होतं हे. थ्रेड कुठे उभा आहे ते स्टॅक (बॅकट्रेस त्याचाच) सांगतो, कोणाच्या कामाला निघालाय ते कोड लिहिणाऱ्यालाच माहीत असतं आणि नावातून तेच आपल्यापर्यंत पोचतं.

एका क्लायंटकडे रात्री स्टेटमेंट काढणारा प्रोग्राम मधूनच अडकायचा. आधी यादीत फक्त थ्रेड 23, थ्रेड 24, पुढे एलडब्ल्यूपीचा आकडा (लिनक्सने थ्रेडला दिलेला क्रमांक), एवढंच असायचं. नावं आल्यावर तीच यादी पीडीएफ-रायटर, डीबी-रीडर-3, लॉग-फ्लश अशी दिसायला लागली. पीडीएफ-रायटर ज्या म्यूटेक्सवर (एक प्रकारच्या लॉकवर) थांबला होता तो उघडून बघितला, ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या) साध्या म्यूटेक्समध्ये ओनर म्हणून एक फील्ड असतं आणि त्यात लॉक धरणाऱ्याचा टीआयडी (तोच लिनक्सचा थ्रेड क्रमांक) असतो, तो टीआयडी यादीत शोधला तर समोर नाव लॉग-फ्लश. म्हणजे लॉग लिहिणारा थ्रेड लॉक हातात धरून डिस्कची वाट बघतोय आणि बाकी सगळे त्याच्यामागे लाइन लावून उभे! नंबरांवरूनही इथपर्यंत पोचता आलं असतं, पण प्रत्येक थ्रेडचा स्टॅक वाचत बसावं लागलं असतं, आणि तेही रात्री, क्लायंट फोनवर असताना.

आता हे केलं कसं, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच असतो. लिनक्समध्ये नाव कर्नलकडेच (सिस्टिमच्या गाभ्याकडे) असतं, प्रॉक या फोल्डरखाली त्या प्रोसेसच्या टास्क फोल्डरमध्ये प्रत्येक टीआयडीची कॉम नावाची छोटी फाइल असते, ती वाचायची की झालं. पण आम्ही ती एकदाच वाचून ठेवत नाही, प्रोग्राम थांबला की दर वेळी नव्याने वाचतो, कारण पूलमधले थ्रेड काम बदललं की नावही बदलू शकतात आणि शिळं नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट. युजरने डीबगरमध्ये स्वतः दिलेलं नाव असेल तर ते आधी, ते काढलं की पुन्हा सिस्टिमचं, जीडीबी या लिनक्सवरच्या नेहमीच्या डीबगरमध्येही असंच आहे, तिथे ही सोय 2011 च्या 7.3 व्हर्जनपासून आहे.

खरी अडचण लांबीची. कर्नलमध्ये नावाला 16 बाइट जागा आणि त्यातला शेवटचा शून्याचा, म्हणजे हाताशी 15. नाव लावायच्या पीथ्रेड_सेटनेम_एनपी या फंक्शनला लांब नाव दिलंत तर ते ईरेंज एरर देतं आणि नाव लागतच नाही, पीआरसीटीएल या दुसऱ्या कॉलने दिलंत तर कर्नल ते गुपचूप कापतो. टीममधल्या एका मुलीने विचारलं की मराठीत नावं देता येतील का, तर येतात, पण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं आणि काना-मात्राही वेगळी चिन्हं. 'हिशेब' बरोब्बर 15 मध्ये बसतं, 'घाटकोपर'चं 'घाटको' होतं, आणि सुरुवातीला '1-' लावलं की चौथ्या चिन्हानंतरचं चिन्ह मधेच तुटतं, म्हणून डीबगरने अर्धवट बाइट आले तरी यादी बिघडू न देता ते गाळायला हवेत. आमचा आता गाळतो.

विंडोजवर पूर्वी एक ठरावीक एक्सेप्शन (एररसारखा इशारा) फेकून नाव सांगायची पद्धत होती, डीबगर त्या क्षणी जोडलेला नसेल तर नाव हवेतच गेलं. विंडोज 10 च्या 2016 च्या अपडेटमध्ये सेटथ्रेडडिस्क्रिप्शन हे फंक्शन आलं, त्यात नाव थ्रेडपाशीच राहतं, नंतर अटॅच केलं तरी मिळतं.

लिनक्सच्या कोअर फाइलचं (प्रोग्राम क्रॅश झाला की त्याच्या मेमरीची जी प्रत लिहिली जाते तिचं) मात्र मला अजून वाईट वाटतं. तिच्यात प्रोसेसचं नाव असतं, पण प्रत्येक थ्रेडचं वेगळं नाव कर्नल लिहीत नाही, ग्लिबसीही नाव स्वतःकडे ठेवत नाही, म्हणजे क्रॅशनंतर जेव्हा नावांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ती गायब. त्यावर आम्ही प्रोग्राममध्येच टीआयडी आणि नावाचं एक ग्लोबल टेबल ठेवलं, कोअरमधून डीबगर ते वाचतो. जुगाड आहे, पण चालतो.

नाव देणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी सांगते. नवीन थ्रेडला त्याला जन्म देणाऱ्याचंच नाव मिळतं, त्यामुळे लायब्ररीने मागे सुरू केलेले थ्रेडही तुमच्या नावाने फिरतात, तेव्हा आपला थ्रेड सुरू झाल्या झाल्या पहिल्या ओळीत नाव द्या आणि वेगळेपण सांगणारा शब्द सुरुवातीला ठेवा, शेपूट कापलं जातं. आणि मेन थ्रेडचं नाव बदलू नका, लिनक्स तेच प्रोसेसचं नाव धरतं, मग नावावरून प्रोसेस शोधणाऱ्या पीग्रेप कमांडला तुमचा प्रोग्राम सापडत नाही आणि त्यावर अवलंबून असलेल्या स्क्रिप्ट बंद पडतात.