पहिली शर्यत आणि हाताशी मोजकेच दिवस

कार्यालयाच्या संघातली एक जागा आयत्या वेळी रिकामी झाली आणि पुण्यातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी माझे नाव पुढे आले, तेव्हा शर्यतीला महिनासुद्धा उरलेला नव्हता. तळजाईच्या टेकडीवर सकाळी चालायला जाणे हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे; पळणे मात्र शाळेबरोबरच सुटले होते. होकार कळवण्याआधी मी जे थोडेफार वाचले आणि जाणत्यांना विचारले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इतक्या थोड्या अवधीत वेग फारसा वाढत नाही, दमसास थोडा वाढतो, आणि दुखापत मात्र हमखास ओढवून घेता येते. म्हणून शर्यतीच्या सकाळी धडधाकट पायांनी उभे राहणे हाच तयारीचा मुख्य हेतू ठेवायचा आणि बाकी सारे त्याच्या मागे न्यायचे, असे मी ठरवले.

सर्वांत आधी संयोजकांना कळवून नोंदणीवरचे नाव रीतसर बदलून घेतले. आयत्या वेळी मिळालेल्या जागेवर दुसऱ्याच्याच नावाचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, लावून धावणारे बरेच असतात, आणि ते मला अतिशय धोक्याचे वाटते. धावताना कोणी कोसळले, तर वैद्यकीय पथक बिबच्या क्रमांकावरून नोंद शोधते, किंवा त्याच्या मागे लिहिलेला रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक पाहते; तिथे भलत्याच माणसाची माहिती असेल तर मोलाची मिनिटे वाया जातात आणि निरोपही भलत्याच घरी जातो. सर्व शर्यतींमध्ये नाव बदलून मिळत नाही. जिथे मिळत नसेल तिथे न धावणेच योग्य.

मी चाळिशी ओलांडलेली आहे आणि माझ्या वडिलांना हृदयविकार होता, त्यामुळे बूट घेण्याआधी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब तपासला, ईसीजी काढला, जिने चढताना छातीवर दडपण येते का, घरात कोणाला कमी वयात झटका आला होता का, हे खोदून विचारले आणि मग होकार दिला. दिवस थोडे असले की हीच पायरी गाळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. पण वर्षानुवर्षे न पळालेल्या माणसाने अचानक पळू लागणे हाच शरीरावरचा मोठा ताण असतो, त्यामुळे घाईत असलेल्याला या तपासणीची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. नियमित व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढू लागते, प्रत्येक ठोक्याला हृदय अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि काल ज्या चढावर धाप लागत होती तोच चढ आज सोपा वाटतो. स्नायूंमधल्या बदलांना त्याहून अधिक, म्हणजे काही आठवडे लागतात. हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) यांचे काम मात्र फार सावकाश चालते. हाडावर नवा ताण पडू लागला की शरीर आधी जुना भाग झिजवून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. ही भरणी पुरी व्हायला काही महिने जातात आणि मधल्या काळात ती जागा उलट काहीशी कमकुवत असते. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो, पळताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार एका पायावर येतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छाती म्हणते ‘अजून पळ’, आणि नेमक्या त्याच वेळी नडगीला ते सोसणारे नसते. नवशिक्यांच्या बऱ्याच दुखापती या तफावतीतून होतात, आणि कमी दिवसांत जास्त अंतर उरकू पाहणारा माणूस त्यांत सर्वांत आधी सापडतो.

यासाठी मी पळणे आणि चालणे यांचा मेळ घालण्याची पद्धत स्वीकारली. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. थकल्यावर चालायचे नाही, तर थकण्याआधीच, पहिल्या मिनिटांपासून ठरलेल्या अंतराने चालायचे, हे तिचे मर्म आहे. मी सुरुवातीला एक मिनिट पळून दोन मिनिटे चालत असे. मग दोन मिनिटे पळणे आणि एक मिनिट चालणे. शर्यतीच्या सुमारास चार मिनिटे पळून एक मिनिट चालणे जमू लागले आणि तिथेच मी थांबले. आठवड्यातून तीनच दिवस पळायचे, दोन पळण्यांच्या मध्ये किमान एक दिवस नुसते चालायचे, आणि डांबरी रस्त्यापेक्षा टेकडीवरची मातीची वाट निवडायची, एवढेच नियम होते. चालणे म्हणजे हार, असे मानणारी मंडळी वाटेत भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. ठरवून चाललेले मिनिट पुढच्या चार मिनिटांची ताकद राखून ठेवते.

वेग किती असावा, याचे माप माझ्या भाचीने काढून दिले. ती महाविद्यालयात खेळते आणि सकाळी माझ्याबरोबर येत असे. पाच-सात मिनिटे झाली की ती म्हणायची, “मावशी, सतराचा पाढा म्हण.” पाढा मध्ये न अडखळता पुरा झाला तर वेग बरोबर, प्रत्येक आकड्यामागे श्वास घ्यावा लागला तर ताबडतोब हळू व्हायचे. बोलता येईल इतक्याच वेगाने पळावे, हा शास्त्रशुद्ध सल्ला तिने मला उमजेल असा करून दिला, आणि मनगटावरच्या कोणत्याही घड्याळापेक्षा मला तो अधिक भरवशाचा वाटला.

याच दिवसांत एमिल झाटोपेक या चेक धावपटूविषयी पुन्हा वाचले. १९४१ साली तो झ्लिन गावातल्या बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याच्या क्रीडा प्रशिक्षकाने चार मुलांकडे बोट दाखवून त्यांना शर्यतीत धावायला सांगितले. त्यात हा एक होता. माझी प्रकृती बरी नाही, असे त्याने सांगून पाहिले, पण सुटका झाली नाही. धावायला लागल्यावर मात्र जिंकावेसे वाटले आणि तो दुसरा आला. पुढे १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदके जिंकल्यानंतर अगदी ऐन वेळी त्याने मॅरेथॉनमध्येही उतरायचे ठरवले. आयुष्यातली ती त्याची पहिलीच मॅरेथॉन होती आणि तीही त्याने जिंकली. या दोन ‘पहिल्या’ शर्यतींमधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्हींचा निर्णय अचानक झाला. पण दुसऱ्या वेळी पाठीशी अकरा वर्षांची अफाट मेहनत होती, चारशे मीटरच्या असंख्य फेऱ्या होत्या. तेव्हा तयारीला दिवस किती मिळाले यापेक्षा आधीची शिदोरी किती आहे, हे पाहायला हवे. माझी शिदोरी चालण्याची होती, म्हणून दीड तास पायांवर राहणे मला नवे नव्हते, आणि त्याच बळावर मी होकार दिला. जे दिवसभर बसूनच असतात आणि चालतही नाहीत, त्यांनी अशा अवधीत पाच किलोमीटरची शर्यत निवडावी, दहाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोज संध्याकाळी मी एक तपासणी करत असे. नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून वर, अंगठा दाबत न्यायचा. बोटभर किंवा त्याहून लांब पट्टा सगळीकडे सारखाच हुळहुळत असेल तर तो बहुधा ताण असतो. एक-दोन दिवस पळणे थांबवून तो ओसरतो का, हे पाहता येते. पण एकाच, नाण्याएवढ्या जागी नेमकी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना ती वाढत असेल किंवा रात्री झोपल्यावरही ठसठसत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यायला हवी आणि शर्यत सोडून डॉक्टर गाठायला हवेत. तिथे वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वांत वाईट. गोळीने इशारा तेवढा दबतो, दुखणे आपल्या जागी राहते, आणि घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडालाही घातक ठरतात.

बूट लगेच घेतले, म्हणजे शर्यतीपर्यंत ते पायाला सरावले. ते दुपारनंतर, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. बायकांसाठी घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची आहे, आणि याविषयी कोणी मोकळेपणाने सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. सुती कपडे घाम धरून ठेवतात आणि काचतात. काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलिन लावले की सोलवटत नाही. खाण्यापिण्याचा मात्र उगाच बाऊ केला जातो. दहा किलोमीटरसाठी स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा पुरेसा असतो, आदल्या रात्री भाताचे ढीग रचायची गरज नसते. नेहमीचे वरण-भात, पोळी-भाजी, थोडे लवकर. सकाळी एक केळे आणि चहा.

शेवटच्या आठवड्यात काही राहून गेल्यासारखे वाटते आणि एकदा तरी पूर्ण दहा किलोमीटर पळून पाहावे, असा हुरूप येतो. तो आवरावा. आज केलेल्या जोरकस सरावाचा फायदा अंगी लागायला दहा-बारा दिवस जातात, थकवा मात्र लगेच साचतो. मी त्या आठवड्यात अगदी थोडे पळाले आणि झोप पुरी केली.

शर्यतीच्या पहाटे पुण्यात चांगली थंडी होती. घरीच, आदल्या रात्री, टी-शर्ट गादीवर पसरून बिब चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिनांनी लावून ठेवला होता. अंगात घालून लावायला गेले की तो तिरका बसतो आणि वाऱ्याने फडफडतो. मैदानावर तासभर आधी पोहोचले, कारण स्वच्छतागृहांपुढच्या रांगांना फार वेळ लागतो. आपल्या वकुबाप्रमाणे मागच्या गटात उभे राहावे. बिबवर टायमिंग चिप असेल आणि सुरुवातीच्या रेषेवर तिची नोंद होत असेल, तर आपली वेळ आपण ती रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते, मागे राहिल्याने काही बिघडत नाही.

इशारा झाला आणि चहूबाजूंनी माणसे सुसाट निघाली. ढोल वाजत होते, लोक टाळ्या वाजवत होते आणि पाय आपोआप ओढले जात होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथे शब्दशः पाळावे लागते. मी पाढा म्हणू लागले. चार मिनिटे झाल्यावर ठरल्याप्रमाणे रस्त्याच्या कडेला जाऊन, हात वर करून मागच्यांना सूचना देऊन चालले. शेकडो जण पुढे गेले. सहाव्या किलोमीटरनंतर, विशेषतः उड्डाणपुलाच्या चढावर, त्यांतले बरेच जण कमरेवर हात ठेवून उभे असलेले दिसले आणि मी त्याच संथ चालीने पुढे सरकत राहिले. पाणी घोटघोटच घेतले. तहान नसताना प्रत्येक टेबलाशी ग्लासभर पिणेही बरे नव्हे, कारण प्रमाणाबाहेर पाण्याने रक्तातले मीठ पातळ होते. नवव्या किलोमीटरनंतर मी चालण्याचे मिनिट सोडून दिले आणि शेवटपर्यंत पळाले. निकालाच्या तक्त्यात दुसऱ्या पाच किलोमीटरची वेळ पहिल्या पाचपेक्षा कमी होती, आणि मला एकूण वेळेपेक्षा या गोष्टीचा आनंद अधिक झाला.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटे तरी चालत राहावे आणि ओले कपडे बदलावेत. पाय सर्वांत जास्त भरून येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना अधिक दुखतात, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. पुढचा आठवडाभर मी फक्त चालले.

त्या आठवड्यातच भाची साताऱ्याच्या शर्यतीची माहिती घेऊन आली. २०१२पासून होणारी ती डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. एकवीस किलोमीटर, तेही पावसाळी दिवसांत. मी तिला लगेच होकार दिला नाही. आधी तीन महिने सपाटीवर न थांबता दहा किलोमीटर जमवायचे, मग चढाचा सराव सुरू करायचा, आणि उतरताना नडगी व गुडघे कुरकुरले नाहीत तरच नाव नोंदवायचे, असे आमचे ठरले आहे.