उठून गेली

आज ठकू मला बघून उठून गेली. बास, एवढंच झालंय. ऑफिसातून लवकर निघाले (तो विषय आज नको), नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीसारखी अडकले, सिंहस्थाच्या नावाने जिथे तिथे खोदून ठेवलंय त्याला शिव्या घातल्या आणि घरी आले. सांगण्यासारखं खरं तर काहीच नाही. पण मघापासून तेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहून टाकते.

मांजर उठून जातं, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण ठकूचं उठणं ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. आधी पुढचे पाय लांब करते. मग थांबते. खरंच उठायचंय का ते ठरवते. मग कंबर वर घेते आणि त्यात मागचे पाय जरासे थरथरतात, मग परत थांबते, आणि मग कुठे पहिलं पाऊल. सोळावं चालू आहे तिला. गॅलरीत द्राक्षाचं क्रेट उपडं घालून त्यावर गोणपाट टाकलंय, खिडकीत चढायला पायरी म्हणून, पण ती खिडकीत जातच नाही, क्रेटवरच बसते, कारण चारच्या सुमाराला ऊन तिथे येतं. आज तिथेच होती. मी चपला काढल्या, पर्स ठेवली, तिच्याकडे गेले पण नाही, नुसती हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तो सगळा कार्यक्रम केला, आधी पुढचे पाय, मग थांबणं, मग कंबर, आणि उन्हातून उठून दिवाणाखाली जाऊन बसली. एवढ्या थंडीत. रोज पेपरात निफाडचा पारा किती उतरला ते येतंय आणि ही बाई ऊन सोडून फरशीवर.

उठायला दुखतं हे मला माहितीये. तिला तर माहितीच आहे. तरी उठली. म्हणजे तिने हिशोब केला, की हिच्याजवळ बसण्यापेक्षा दुखलेलं परवडलं.

हे जरा लागलंच मला.

आणि लागणारच ना. सकाळी खाणं झाल्यावर दुखण्यावरचं मेलॉक्सिकॅम कोण देतं, मी. ते सिरप वजनाप्रमाणे मोजायचं असतं, कुत्र्याचं वेगळं येतं आणि मांजराचं वेगळं, औषधाचं प्रमाण कमी-जास्त असतं, त्यामुळे सिरिंजवरच्या रेघा डोळ्यांजवळ धरून बघणारी मी. रात्री दुखण्यावरचीच दुसरी, गॅबापेंटिनची कॅप्सूल उघडून तिची पूड ट्यूनाच्या पाण्यात कालवणारी मी, आणि ती कडू पूड जिभेला लागली की तोंडाला फेस काढून माझ्याकडे जे बघते ते सहन करणारीही मीच. नखं कापायची मीच, कारण आता ती कुठे ओरबाडत नाही त्यामुळे नखं वाढतात, जाड होतात आणि चटईत अडकतात. पाठीवरच्या गाठी सोडवायच्या मीच, कारण मान वळवून कंबरेपर्यंत चाटणं तिला जमत नाही. तिच्या शी-शूच्या ट्रेची पुढची भिंत करवतीने कापून खाली केली मीच, आत पाय टाकायला सोपं जावं म्हणून, आणि करवत कशी धरायची ते अप्पांनी खुर्चीत बसून सांगितलं.

आणि ती जाऊन बसते कुणाकडे, तर अप्पांकडे. अप्पा काय करतात, तर टीव्ही बघतात. तिला पहिल्यांदा आणली तेव्हा हेच म्हणाले होते, एक तर ती राहील नाहीतर मी. आता दोघंही आहेत, एकाच शालीत.

डॉक्टरांनी एक्सरे दाखवला तेव्हा मी एकटीच होते. कोपरं, गुडघे, कंबरेचे मणके, सगळीकडे कडा खडबडीत झालेल्या. मी म्हटलं, पण ती लंगडत नाही हो. ते म्हणाले, मॅडम, दोन्हीकडे सारखंच दुखत असेल तर लंगडणार कुठल्या पायाने? हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मांजर ओरडत नाही, कण्हत नाही, नुसतं एकेक गोष्ट करायचं सोडून देतं. आधी फ्रिजवर चढणं सोडलं, मग ओटा, मग दिवाण. आपण म्हणतो, वय झालं. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्सरे तपासले होते, तो अभ्यास 2002 साली छापून आला, त्यात नव्वदांच्या सांध्यांची झीज निघाली. नव्वद! म्हणजे आपल्या गल्लीत भिंतींवर बसलेल्या म्हाताऱ्या मांजरी काय काय घेऊन बसल्या असतील कुणास ठाऊक. तो विचार मी पुढे करत नाही.

त्यानंतर मला चेहरे वाचायचं वेड लागलं. कॅनडात माँट्रियलच्या लोकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पद्धत काढलीये, 2019 ची. कान कसे आहेत, डोळे किती मिटलेत, तोंडाजवळचा भाग ताठलाय का, मिशा, आणि मान खांद्यांच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, दहापैकी चार झाले की वेदनेचं औषध द्या. मी रोज ठकूला मार्क द्यायला लागले, फोनमध्ये फोटो काढून झूम करून. डॉक्टर म्हणाले हे ऑपरेशननंतरच्या वगैरे, अचानक आलेल्या दुखण्यासाठी आहे, वर्षानुवर्षांचं दुखणं असं चेहऱ्यावर दिसतंच असं नाही, तुम्ही ती काय करते ते बघा, कशी दिसते ते नको. तरी सवय सुटली नाही. गेल्या आठवड्यात अप्पा सोफ्यावरून उठत होते तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना पाच दिले.

गोळीचं पण सांगते, कारण त्यावरून आमचं वाजलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं आपली तापाची गोळी असते ना, पॅरासिटामॉल, तिचा छोटा तुकडा दे, लगेच आराम पडेल. आणि अप्पा डबा शोधायला उठले पण. मी जी ओरडले. माणसाची ती साधी गोळी मांजराला मारते, त्यांच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, एका गोळीत जीव जाऊ शकतो. काकू अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतात. असू दे.

मेलॉक्सिकॅमला अप्पा गिधाडाचं औषध म्हणतात. डॉक्टरांकडे एकदाच आले होते, त्यात हे ऐकलं आणि खूश झाले. पूर्वी गाईम्हशींना डायक्लोफिनॅक द्यायचे, ती जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं किडन्या बंद पडून मरायची, अशी देशभरातली बहुतेक संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं आणि त्याऐवजी हे पुढे आलं, कारण याने गिधाडांना काही होत नाही. आम्ही अंजनेरीला गेलो की अप्पा सगळ्यांना मान मोडेपर्यंत कड्याकडे बघायला लावतात, तर त्या गिधाडांशी आपल्या ठकूचं नातं लागलं याचा त्यांना केवढा अभिमान. गंमत म्हणजे गिधाडांच्या किडनीला चालणारं हे औषध ठकूला देताना मला भीती तिच्या किडनीचीच. म्हाताऱ्या मांजरांच्या किडन्या आधीच थकलेल्या असतात, म्हणून कमीत कमी डोस, उपाशीपोटी कधीच नाही, उलटी झाली किंवा खाणं सोडलं तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन, आणि मधून मधून रक्त तपासून क्रिएटिनिन बघायचं. म्हणजे मी तिचं दुखणं कमी करतेय की दुसरं काही वाढवतेय, हा हिशोब रोज सकाळी सिरिंज भरताना माझ्या एकटीच्या डोक्यात चालू, आणि अप्पा तिकडे तिला शेव दाखवतायत. शेव चालत नाही तिला. सांगून दमले.

तर संध्याकाळभर मी अशी कुढत होते. लेकीला, ऋतूला, फोन लावला तर तिने पहिलं विचारलं, ठकू कशीये. मी कशीये ते राहू दे.

मग मेथी निवडत बसले होते, आणि हात चालू असला की माझं डोकं चालतं, तेव्हा एकदम आठवलं की दिवाळीआधी ती माझ्या मांडीवरून हलायचीच नाही. तासन् तास. फणी फिरवा, पंजा उचला, काही करा, गप. मी किती जणांना सांगितलं होतं की बघा, म्हातारपणी मायाळू झालीये, तरुणपणी हात लावू द्यायची नाही. आणि आता मेथीची काडी हातात धरून बसले, कारण लक्षात आलं की तेव्हा ती जायची नाही कारण तिला जाता यायचं नाही. उठून उन्हातून दिवाणापर्यंत जायचं, मध्ये उंबरा ओलांडायचा, परत वाकून आत शिरायचं, एवढं त्या पायांत नव्हतंच. आज होतं.

म्हणजे औषध लागू पडलंय. आणि लागू पडल्यावर बाईसाहेबांनी त्याचा पहिला उपयोग काय केला, तर मला टाळायला.

हे कळल्यावर हसू आलं खरं, पण पूर्ण नाही आलं. कारण मांडीवरची ती मला आवडायची. आत्ताही लिहिताना असं वाटतंय की ती थोडी कमी बरी झाली असती तर... जाऊ दे. असलं लिहून ठेवायचं नसतं.

डॉक्टरांना मेसेज केला होता, की औषध देते म्हणून मला टाळते, काय करू. (हे असलं विचारायला लाज वाटली, पण त्यांना सवय असावी.) त्यांनी सांगितलं औषधाची जागा एकच ठेवा, धुण्याच्या मशीनजवळ वगैरे, जिथे ती एरवी बसत नाही. तिच्या उन्हाच्या जागेवर किंवा मांडीवर कधीच देऊ नका. तोंड उघडून देण्यापेक्षा पहिल्या घासात घाला, नंतर आवडीचं काहीतरी द्या, आणि दिवसातून एकदा तिच्याजवळ काहीही न करता नुसतं बसा, हात न लावता, सिरिंज न घेता. शेवटचं वाचून जरा राग आला. काहीही न करता नुसतं बसायला घरात एक माणूस आहे, ते त्यात निष्णात आहेत. पण करून बघेन. उद्या रविवार आहे.

आणि जमल्यास औषध दुसऱ्या कुणी द्या, असंही लिहिलं होतं. हे मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी नाही बुवा. एवढ्या वर्षांनी आमचं जमलंय, ते बिघडवू नकोस."

मी म्हटलं, "बरं, औषध राहू द्या. पण गुरुवारी रक्त द्यायला न्यायचंय, तेव्हा तिला पेटीत तुम्ही घालायचं. गाडी मी चालवते."

"मी? अगं माझे गुडघे बघतेयस ना."

"तिचे पण तेच आहेत, अप्पा."

काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला. जेवण झाल्यावर मी भांडी लावत होते तेव्हा आतून हळू आवाजात कुणाशी तरी फोनवर बोलत होते, आणि दहाच मिनिटांत ऋतूचा मेसेज आला, आई, गुरुवारी अप्पांना पाठवू नकोस ना प्लीज, ठकूचा त्यांच्यावर विश्वास आहे.

तर गुरुवारी पण मीच.